खेळ सुटतानाची रेकॉर्ड

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. सोलापुरात अशा वेळी शहाणा माणूस खिडक्या लावून गार फरशीवर आडवा होतो. नवनाथ मात्र डोक्याला पंचा गुंडाळून स्कूटर काढत होता. धम्मप्रिया, त्याची बायको, दारात उभी राहून बघत होती. तिनं अडवलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळून चुकलं होतं, की जुन्या वस्तूचा सुगावा लागला की या माणसाला ऊन कळत नाही आणि घरही कळत नाही.

"बुद्धप्रियाची गाडी सहा चाळीसची आहे," ती म्हणाली. "साडेपाचला दारात पाहिजे तुम्ही."

"पाचलाच येतो की."

"तिच्या दहावीच्या सत्कारालाही पाचलाच येणार होता."

यावर नवनाथनं स्कूटरला किक मारली. आत पोरगी बॅग भरत होती. पहिलीच नोकरी, तीही बेंगळुरूला. बाप बाहेर चाललाय हे तिला ऐकू आलं, पण तिनं मान वर केली नाही. नवनाथला ते लागलं. आज काही झालं तरी पोरीला आपणच स्टेशनवर पोचवायचं, असं मनाशी पक्कं करून तो निघाला.

माणूस वाईट नव्हता हो. पाटबंधारे खात्यात कारकून, दारू नाही, पत्ते नाहीत. वेड एकच, जॅझ आणि जुने पिक्चर. संध्याकाळी चहा झाला की हात धुऊन, खोलीचं दार ओढून तो रेकॉर्ड लावायचा, आणि ती संपेपर्यंत बाहेर जग बुडालं तरी त्याला पत्ता नसायचा. रविवारी एखादा काळापांढरा पिक्चर. तोही गोष्टीसाठी नव्हे. क्लबातलं गाणं आलं की चित्र थांबवायचं आणि मागच्या वादकांत क्लॅरिनेट कुणाच्या हातात आहे ते भिंग लावून शोधायचं. रेकॉर्डना घरात कुणी हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही, हा नियम. "माझी सवत काळी नि गोल आहे," असं धम्मप्रिया शेजारणींना सांगायची.

त्याची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड तीन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मिळालेली. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातला नाचाचा बँड, आणि त्यात कुणा गोव्याच्या वादकाचा ट्रम्पेट. ऐकता ऐकता उठून चालायला लागावं, अशी ती चाल. लेबलवर शाईनं एकच शब्द लिहिलेला, 'सुटताना'. त्याचा अर्थ नवनाथला कधी लागला नव्हता. शेवटाला मात्र भारी खरखर होती, पुष्कळ माणसं पाय घाशीत चालल्यासारखी. त्याच्या कानाला ती सोसायची नाही. कॉम्प्युटरवर उतरवून घेताना त्यानं शेवटची पंधरा सेकंदं कापून टाकली, आणि ती स्वच्छ प्रत फोनमध्ये ठेवली.

चंद्रसेना टॉकीज बारा वर्षं बंद होतं आणि येत्या सोमवारी पाडणार होते. पडद्यामागं पोस्टरांची पेटी आहे, हवी तर घेऊन जा, असा मालकाच्या मुलानं निरोप दिला होता. किल्ली रुद्रप्पाकडं. हा तिथला जुना डोअरकीपर, सत्तरी ओलांडलेला. टॉकीज बंद झालं तरी तो पायरी सोडून कुठं गेला नव्हता.

म्हातारा कुलपाशी झटत होता तोवर नवनाथ उगाच शीळ घालत उभा राहिला. रुद्रप्पाचा हात कुलपावरच थांबला.

"ही चाल कुटनं आणलासा, सायेब?"

"का हो?"

"आमची सुटायची रेकार्ड ती. खेळ संपला की आपरेटर लावायचा. ती वाजाय लागली की मगच मी दारं उघडायचो, आन् ती संपेपतुर समदी भाईर. चाळीस वर्सं आसंच चाललं. मग आपरेटर मालकाशी भांडला आन् जाताना रेकार्ड घिऊन गेला. त्या दिशीचा खेळ तिच्याबिगर सोडला आमी. दुसऱ्या दिशी टाकीजच बंद."

"मग? काय झालं?"

"काय व्हायचं? माणसं गेली की आपापल्या घरला. म्या डोळ्यानं बघितली." रुद्रप्पानं आवाज उतरवला. "मग झाडाय आत गेलो, तर खुर्च्या भरलेल्या..."

म्हाताऱ्याला ऊन लागलंय, नवनाथ मनात म्हणाला.

"तुमच्याकडं हाय का ती रेकार्ड? आसली तर आणा, सायेब. पाडायच्या आधी येकदा वाजवू. सुटू द्या त्यास्नी."

नवनाथ एकदम सावध झाला. भुतांमुळं नव्हे. एकदा कबूल केलं की रेकॉर्ड आणावी लागणार, कुणाच्या तरी हाती द्यावी लागणार, बोथट सुईखाली ती घासली जाणार. "नाही बुवा," तो म्हणाला. "कुठंतरी कानावर पडली असेल." खोटं बोलताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

दार उघडलं. "मी आत येत न्हाय," रुद्रप्पा म्हणाला. "हितंच हाय."

आत पाऊल टाकलं आणि मागं दार आपसूक मिटलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि इथं मिट्ट काळोख. वटवाघळांची घाण, कुजलेल्या रेक्झिनचा वास, आणि त्याखाली कुठंतरी ताज्या भाजलेल्या शेंगांचा. नवनाथनं फोनचा टॉर्च लावला. खुर्च्या स्प्रिंगच्या होत्या. माणूस उठला की बैठक आपोआप उभी राहते ना, त्यातल्या. पण इथं झाडून सगळ्या बैठका खाली दबलेल्या होत्या. गंजल्या असतील, त्यानं स्वतःला समजावलं, आणि त्यांच्याकडं न बघता तो पडद्यामागं गेला.

पेटी मिळाली. वाळवीनं बरीच पोस्टरं खाल्ली होती, तरी आठ चांगली निघाली. तीन वाजून दहा मिनिटं. आता सरळ घरी जायचं. पण मधल्या रांगांशी आल्यावर त्याचे पाय घुटमळले. उंच छत, लाकडी भिंती. आवाज इथं कसा लागत असेल? आपली रेकॉर्ड इथं चाळीस वर्षं वाजत होती, आणि आपण ती एकदाही इथं ऐकली नाही. फक्त तीन मिनिटं. तेवढ्यानं गाडी काही चुकत नाही.

तो कडेच्या खुर्चीवर टेकला आणि त्यानं फोनवर ती चाल लावली.

पहिले दोन सूर फोनमधून आले. तिसरा सगळ्या थेटरातून आला. ट्रम्पेट एवढा मोठा, एवढा जवळचा झाला की नवनाथच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि मग पुढच्या रांगेत खटाक् असा आवाज झाला. बैठक उभी राहिल्याचा. आणखी एक. मग चार, मग दहा, मग सबंध थेटरभर खटाखट बैठका उठू लागल्या. खोबरेल तेलाचा, घामाचा, विडीचा वास दाटला. कुणीतरी खोकलं. अंधारात पाय घासू लागले, दाराच्या दिशेनं...

आणि चाल संपली. त्यानं कापली होती बरोबर तिथं.

पाय थबकले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एकेक करून बैठका पुन्हा खाली गेल्या. अगदी सावकाश, नाइलाजानं.

नवनाथ धडपडत उठला. समोरच्या वाटेवर एक माणूस चालला होता. डोक्याला पंचा, काखेत पोस्टरांची गुंडाळी, हातात फोनचा उजेड. त्याला घाई नव्हती. त्यानं दार ढकललं, उन्हाची तिरीप आत आली, आणि रुद्रप्पाचा आवाज आला, "घावली का पोस्टरं, सायेब?"

"घावली की," तो माणूस म्हणाला. आवाज नवनाथचा होता.

दार मिटलं. बाहेर स्कूटरची किक बसली.

नवनाथनं खाली बघितलं. हातात पोस्टरं नव्हती. खिसा चाचपला, फोन नव्हता, किल्ली नव्हती. डोक्यावर पंचाही नव्हता. तो दाराकडं धावला आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागला. दार हललं नाही. दोन फळ्यांमधल्या फटीतून उन्हाची एक रेघ आत येत होती, आणि तिच्यापलीकडं रुद्रप्पाची पाठ दिसत होती.

"रुद्रप्पा! दार उघडा! मी आत आहे!"

म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले. बारा वर्षं तो असंच करत आला असणार. नवनाथ किती वेळ ओरडला, कुणास ठाऊक. उन्हाची रेघ फरशीवरून सरकत भिंतीपाशी गेली, पिवळी पडली. मागं अंधारात कुणीतरी शेंगा फोडून खात होतं. बुद्धप्रिया बॅग घेऊन दारात उभी असेल, एवढाच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता. शेवटी तो रडत म्हणाला, "खोटं बोललो हो... रेकॉर्ड माझ्याकडंच आहे. घरी आहे."

रुद्रप्पानं कानांवरचे हात काढले. फटीला डोळा लावला.

"सायेब? पन तुमी तर मगाशीच गेलासा..."

"तो मी नव्हे!"

"आरं देवा." म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "तुमी गेलासा, सायेब. तुमी राहिलासा बी. त्या दिशी समद्यांचं आसंच झालं."

"घरी फोन लावा. माझ्या बायकोला. नंबर सांगतो. तिला म्हणावं, 'सुटताना' लिहिलेली रेकॉर्ड काढ आणि लाव. अख्खी लाव, शेवटपर्यंत. फोन दाराशी धरा. लवकर, रुद्रप्पा... पोरीची गाडी आहे."

रुद्रप्पा सांगितलेला नंबर दाबू लागला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा घंटी गेली. त्यानं स्पीकर लावून फोन फटीशी धरला.

"हॅलो?" धम्मप्रियाचा आवाज. नवनाथनं कपाळ दाराला टेकलं.

"बाईसाब, मी टाकीजवरनं रुद्रप्पा. सायबांची येक रेकार्ड हाय बगा, सुटताना म्हनून लिवलेली..."

"अगंबाई, रेकॉर्ड होय?" ती हसली. असं मोकळं हसणं नवनाथनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "त्या सगळ्या गेल्या की! आत्ताच हातगाडीवाला घेऊन गेला भंगारात. निम्म्या तर चढवतानाच फुटल्या. मी नको नको म्हणत होते, पण यांनी आल्या आल्या खोली रिकामी करायला घेतली. म्हणाले, कान कसे हलके झालेत आज. पोरीशेजारी बसून जेवले हो, दोन तास बोलत बसले. तुमच्या टॉकीजला हात जोडायला पाहिजेत."

"धम्मा!" नवनाथ किंचाळला. "धम्मा, तो मी नाही! मी इथं आहे! थांबव त्या गाडीवाल्याला, धम्मा..."

फोनवरचं हसू थांबलं.

"रुद्रप्पा," ती म्हणाली, "तुमच्या मागं कोण ओरडतंय? पिक्चर चालू आहे का तिथं?"

म्हाताऱ्यानं फटीकडं बघितलं. त्याच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"व्हय, बाईसाब," तो म्हणाला. "चालू हाय." आणि त्यानं फोन बंद केला.

तेवढ्यात दारावर उजेड पडला. बाहेरचा नव्हे, पाठीमागून, पडद्याकडून आलेला. आणि सगळ्या थेटरात एका पोरीचा आवाज घुमला, खूप मोठा, खूप आनंदात असलेला. "पप्पा, चला ना, गाडी चुकेल!"

नवनाथ गर्रकन वळला. दोन्ही हात पुढं करून तो पडद्याकडं धावत सुटला, आणि चौथ्या रांगेतून कुणीतरी चिडून म्हणालं,

"ओ, खाली बसा की. मागच्यास्नी दिसंना झालंय."