रिकाम्या हॉलचा आवाज

टायरच्या त्या जुन्या गोदामात गाणी करायची म्हटल्यावर दादाला सख्ख्या आईनेच वेड्यात काढलं होतं. पण दादा ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याने पुढच्या खोलीत जुन्या रेकॉर्डचं दुकान थाटलं, मागे हॉल केला, आणि मालक म्हणून कोणालाच ठेवलं नाही. सगळं पाळीने. गल्ल्यावर आज शाळेतल्या बाई, तर उद्या नळ दुरुस्त करणारे काका; काल ज्याने गिटार वाजवली, त्याच्याच हातात आज झाडू. दारू नाही आणि वयाची अट नाही. तान्ह्या बाळांच्या कानांवर लावायची मऊ झाकणं दाराशी खुंटीला टांगलेली असत, आणि पुढची रांग गुडघे दुखणाऱ्यांची. गाव करील ते राव काय करील, हे दादाचं ठरलेलं वाक्य. राव भेटला नाही म्हणून गाव धरलंय, असं त्याची धाकटी बहीण त्याला चिडवायची.

दादा तापाने गेला त्याला बरीच वर्षं झाली. हॉल राहिला, बहीणही राहिली. केस पांढरे झाले तरी लहानथोर सगळे तिला धाकटीच म्हणत.

दादाचा एक नियम त्याच्यामागेही पाळला गेला. कार्यक्रमाआधी रिकामा हॉल टेप करायचा. सगळ्यांनी बाहेर दुकानात जायचं, दार लावून घ्यायचं, आणि वर टांगलेल्या माईकने नुसता हॉल ऐकायचा. भिंतीतल्या पंख्याची घरघर, उन्हाने ताणलेल्या पत्र्याची कुरकुर, दिव्यांची बारीक गुणगुण. पुढे गाण्यातून नेमकं तेवढंच वजा केलं की गाणं स्वच्छ उरतं. मशीन चालवायला एक जण आत लागेच. तो श्वास रोखून बसे. मशीनवरचा माणूस हिशेबात धरायचा नाही, असं दादा म्हणे. ही पाळीसुद्धा फिरती असायची.

या वर्षी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की हॉलचा इतिहास एका रेकॉर्डवर काढायचा. काम धाकटीच्या गळ्यात पडलं, कारण तिचा जन्म लोकांचे टेप आणि रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता, आणि नाही म्हणायला ती कधी शिकली नव्हती. दुकान बंद असताना, दुपारची, ती हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसे. तापलेल्या भिंतींना अजूनही रबराचा वास यायचा. आधी त्या त्या दिवसाची शांतता कॉम्प्युटरला ऐकवायची, मग सांगायचं, आता एवढं गाण्यातून काढून टाक. टेप पुसलेल्या आरशासारखी निघायची.

पहिलं हरवलं ते बेकरीवाल्याचं हसणं. हा माणूस हसायला लागला की ड्रम ऐकू येत नसत. एका कार्यक्रमात तो ऐन हळव्या जागी हसला होता, आणि गाणारीने पुढची ओळ हसत हसतच म्हटली होती. हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ होतं. त्या दिवशी रिकामा हॉल टेप करायची पाळीही त्याचीच होती. धाकटीने टेप साफ केली, आणि हसणं गेलं. गाणारी त्या हळव्या जागेतून न अडखळता पुढे निघून गेली.

मशीनने हसण्यालाही खरखर समजलं असेल, असं म्हणून धाकटीने मूळ टेप लावली. खरखर होती तशीच होती. हसणं तिच्यातही नव्हतं.

ती तशीच उठून बेकरीत गेली. बेकरीवाला पाव बांधत होता. तिने विषय काढला तेव्हा तो अदबीने म्हणाला, की त्याला गाण्यातलं काही कळत नाही आणि त्या गोदामाकडे त्याचं कधी जाणं झालेलं नाही. थट्टा करतोय असं वाटून धाकटी हसली. तो हसला नाही.

मग सुतारमावशी. हॉलचा रंगमंच तिने स्वतःच्या हातांनी बांधला होता, आणि प्रत्येक कार्यक्रमात ती त्याच्या कडेला बसून टाचेने ठेका धरायची. मशीनवर तिची पाळी होती त्या दिवसाची टेप साफ झाली, आणि ठेका गेला. धाकटीने शाळेतल्या बाईंना सहज विचारावं तसं विचारलं, की रंगमंच कोणी बांधला? बाई म्हणाल्या, कोणी म्हणजे? ओटा गोदामाचाच आहे, टायर उतरवायला केलेला. धाकटी वाकून फळ्यांवरून हात फिरवत राहिली. रंधा इतक्या निगुतीने मारलेला होता की एक कुसळही हाताला लागत नव्हतं.

ती घाबरली. सांगणार कोणाला? जे हरवलं होतं ते कोणाला हरवलंसं वाटतच नव्हतं. इतिहास लिहायला बसावं आणि त्यातली माणसंच खोडरबराने पुसली जावीत, असं काहीतरी चाललं होतं. तिने कानाला खडा लावला आणि मशीनवर कापड टाकलं.

ते कापड तसंच राहिलं असतं. पण आई होती.

आईची बुद्धी अजून वस्तऱ्यासारखी होती. भाजीवाल्याची लबाडी ती तो तोंड उघडायच्या आत पकडायची. कान मात्र चालले होते, आणि उरलंसुरलं ऐकणंही फार दिवसांचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईने ते शांतपणे ऐकलं आणि एकच गोष्ट मागितली.

"त्याचं गाणं मला एकदा नीट ऐकव गं. नंतर तुम्ही सगळे माझ्यासमोर नुसती तोंडं हलवणार."

दादा आयुष्यात एकदाच गायला होता, हॉल उघडला त्या दिवशी. एरवी तो मशीनमागे. त्याचा आवाज म्हणून जगात ती एकच टेप होती, आणि तिच्यावर पंख्याची घरघर अशी पसरलेली, की आईने हेडफोन लावले आणि पुन्हा काढून ठेवले. "पंखा चांगला गातो," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली. धाकटीला ते पाहवलं नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धाकटीने फार विचार केला. ज्या दिवसाची शांतता, त्या दिवसातलं माणूस ती घेऊन जाते, हे तिला दिसलं होतं. मग त्या दिवसाच्या शांततेला हातच लावायचा नाही. पंखा तोच होता, पत्रा तोच होता. आजची शांतता टेप करायची आणि ती वजा करायची. आजच्या हॉलमध्ये दादा नव्हता. कोणीच नव्हतं. मग जाईल कोण?

तिने आईला दुपारीच आणलं. पुढे दुकानात, रेकॉर्डच्या खोक्यांमध्ये, पर्स मांडीवर घेऊन आई खुर्चीत बसली. आतलं दार धाकटीने लावून घेतलं, पंखा सुरू केला, आणि मशीनचं बटण दाबलं.

ती श्वास रोखून बसली.

पंखा घरघरत होता. पत्रा एकदा कुरकुरला. तिला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येत होते, पण ते माईकपर्यंत थोडेच जाणार.

मग तिने वजाबाकी केली आणि भीत भीत हेडफोन लावले.

दादा होता. खाकरला, सूर शोधला, आणि गायला लागला. इतका जवळून, की ओठ सुटल्याचाही आवाज यावा. धाकटीने डोळे गच्च मिटले. इतक्या वर्षांत तिला एवढा आनंद झाला नव्हता.

तिने दार उघडलं. "आई," तिने हाक मारली. आईला ऐकू गेलं नाही. तिने खांद्याला हात लावला, तशी आई दचकली, वर बघून हसली आणि उठली.

"चला," आई म्हणाली.

तिने आईला हॉलमध्ये नेलं, पहिल्या रांगेत बसवलं, हेडफोन नीट लावून दिले आणि पंखा बंद केला.

आई हलली नाही. तिचे ओठ मात्र हलत होते, गाण्याच्या एक शब्द मागे. गालांवरून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. धाकटीला वाटलं, सगळं भरून पावलं.

गाणं संपलं. आईने हेडफोन काढून पर्सवर ठेवले.

"माझा मुलगा," ती म्हणाली. "एकुलता एक."

धाकटीने तिचा हात धरला. आईने थोडा वेळ तो धरू दिला. मग हळूच सोडवून घेतला.

"तुम्ही ओळखत होतात त्याला?"

धाकटीने तोंड उघडलं. काय बोलली ते तिचं तिलाही कळलं नाही. आईने कानामागे हात धरला, मान हलवली, आणि लोक न ऐकू आलेल्या गोष्टीला हसतात तशी ओशाळून हसली.

दुकानाचं दार वाजलं. आज पाळी शाळेतल्या बाईंची होती. त्या आत डोकावल्या, धाकटीकडे पाहून पहिल्यांदाच आलेल्या माणसाकडे बघून हसावं तशा हसल्या, आणि आईजवळ जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "झालं का मावशी ऐकून? चला, नेहमीसारखी मीच सोडते घरी."

आई त्यांचा हात धरून उठली. दारापाशी थांबली, वळून पाहिलं, आणि आपण हळू आवाजात बोलतोय असं समजून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली:

"त्या बाईंना पाणी विचार गं आधी. त्यांचंही कोणीतरी गेलेलं दिसतंय."