दक्षिणेकडे पाय

मोबाईल उलटे ठेवा आणि सारखं दाराकडे बघू नका. ही कुठली ऐकीव भाकडकथा नाही. माझ्या चुलतभावाच्या मुलावर गुदरलेली आहे, आणि त्यानं स्वतः मान खाली घालून मला सांगितलेली आहे. ती मान खाली गेली हेच मुळात आश्चर्य. आम्ही त्याला लाटसाहेब म्हणायचो.

तर मंगळवारची रात्र, दोन वाजून चाळीस मिनिटं. लाटसाहेब परदेशात एका वृद्धाश्रमात रात्रपाळीला होते. धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत दुसऱ्या मजल्यावर निघाले होते. हो, काम हेच. म्हाताऱ्यांना कूस बदलून द्यायची, चादरी बदलायच्या. कष्टाचं काम आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण सुट्टीला आले की सख्ख्या आईच्या घरात नाकाला रुमाल! "तुम्ही लोक असे, तुम्ही लोक तसे." अरे, मग तू कोण? आभाळातून पडलास?

तिकडे पहिल्या नोकरीत फार सोसलं होतं त्यांनी. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सगळे एका टेबलावर, हे एकटे दुसऱ्या. तोंड उघडलं की लोक हसायचे. म्हणून यांनी मायबोलीच टाकून दिली! या वृद्धाश्रमात लागताना सांगितलं, "मी लहानपणापासून इथलाच." आता सगळे आपल्या टेबलावर बसवून घ्यायचे. ती जागा जाऊ नये, एवढाच जिवाला घोर.

आणि त्याच महिन्यात सात नंबरच्या खोलीत एक आजोबा आले. आपलेच, मराठी. चाळीस वर्षं तिथं राहिलेले, पण म्हातारपणी तिथली भाषा पार पुसून गेली आणि आईची तेवढी उरली. रोज रात्री ओरडायचे, "अरे, माझे पाय दक्षिणेला का केलेत? मी मेलोय का?"

दक्षिणेला पाय प्रेताचे करतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. तिथं कोणाला कळणार? मोठ्या नर्सबाईंनी लाटसाहेबांना विचारलं, "ही तुझी भाषा का रे?"

"छे! एक अक्षर कळत नाही."

उशी उचलायची, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची आणि म्हाताऱ्याला फिरवायचं. पाच मिनिटांचं काम. तेवढंही केलं नाही, कारण बाईंनी विचारलं असतं, तुला कसं कळलं? आजोबांना झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. एकोणिसाव्या रात्री ते गेले. पाय दक्षिणेलाच.

त्यानंतरची चौथी रात्र ही. गाडी सात नंबरपाशी आली आणि दारावरचा लाल दिवा लागला. आतून कुणी घंटी दाबली की लागतो तो. आणि आत तर कुणीच नव्हतं.

तार बिघडली असेल, म्हणून हे आत गेले. पलंगावर नुसती गादी आणि बिनखोळीची उशी. पण गादी मधोमध दबलेली...

"कुणाचा रे तू?"

आवाज पायथ्याकडून आला. लाटसाहेब तिथल्या भाषेत म्हणाले, "कळत नाही."

पुन्हा तोच आवाज.

"कुणाचा रे तू?"

"कळत नाही!"

भिंतीतला हीटर थांबला. गादीतला खळगा हलला. यांच्या बाजूला सरकला. थांबला. आणखी सरकला...

"कुणाचा..."

"तुमचाच! आजोबा, तुमचाच! फिरवतो, पाय फिरवतो!" उशी उचलली, दुसऱ्या टोकाला ठेवली. ओक्साबोक्शी रडले. मराठीत.

गादी वर आली. दिवा विझला.

मागे दारात नर्सबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. "म्हणजे तुला येत होती ती भाषा," त्या म्हणाल्या. "काय मागत होते ते?"

यांनी सांगितलं.

"एवढंच? एक उशी फिरवायची होती?"

बाई ओरडल्या नाहीत. नुसतं बघितलं. पायपुसण्याकडे माणूस याहून बरं बघतो. सकाळी त्या टेबलावर यांच्या शेजारची खुर्ची कुणी घेतली नाही. बरं झालं! मला काडीचं वाईट वाटलं नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

लाटसाहेब तिथल्या आपल्या खोलीवर आले. खोली एकट्याची, किल्ली एकच, तीही यांच्या खिशात. आणि गंमत ऐका. "तुम्ही लोक, तुम्ही लोक" म्हणणारा हा गडी बारा वर्षं, कुणाला न सांगता, स्वतः मात्र नेमानं दक्षिणेला डोकं करून झोपायचा!

कुलूप उघडलं. दिवा लावला...

अंथरूण घातलेलं होतं. पांढरी चादर, माणूस गेल्यावर घालतात तशी, चापूनचोपून. आणि उशी उत्तरेला.

आता पाय कुठं येतात, ते तुम्हीच सांगा.