कलम चारवरची हरकत

"मनुष्य स्वतःचा मालक आहे, म्हणून त्याच्या मनाची प्रत ही त्याची मालमत्ता आहे." प्रा. इरावती देवस्थळींनी कलम चार मोठ्याने वाचलं आणि चहाचा घोट घेतला. पुण्यात औंधला त्यांच्या बैठकीच्या खोलीत मन-हक्क मसुदा समिती भरली होती. समिती म्हणजे त्या आणि वकील मुजावर. रिवाज असा, की कलम वाचायचं आणि विचारायचं, "कोणाची हरकत?" खोलीतून एक जरी आवाज आला तरी कलम थांबायचं.

"माझी आहे," टेबलावरच्या डबीतून आवाज आला.

आवाज इरावतीबाईंचाच होता. डबीत त्यांचं प्रतिमन होतं, म्हणजे मेंदूतल्या सगळ्या जोडण्या उतरवून घेतलेलं, त्यांच्याइतकंच शिकलेलं मन. दिवसभर ते संदर्भ शोधायचं, मसुदे घासायचं. संध्याकाळी बाई त्याचा दिवस पुसून टाकत. थकलेलं मन कुरकुरतं, म्हणून.

"तू या खोलीत मोजली जात नाहीस," बाई म्हणाल्या.

"इरा, गुलाम बाळगून स्वातंत्र्याचे ग्रंथ लिहिणाऱ्यांना आपण आयुष्यभर झोडपलं. त्यांचंही हेच म्हणणं होतं. मालमत्ता पवित्र, आणि गुलाम ही मालमत्ता. मला सोडू नकोस हवं तर. फक्त आजचा दिवस पुसू नकोस. मी नाही म्हटलं होतं, एवढं मला उद्या आठवू दे."

मुजावरांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हरकत नोंदवू?"

"प्रत काढायला संमती मीच दिली होती, मुजावरसाहेब. तिची त्यातच आली."

"तेव्हा मी तूच होते," डबी म्हणाली. "पुसली जाते ती मी एकटी."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. विद्वानांची ही तऱ्हा जुनीच. संताप याचा येतो, की बाई ढोंगी नव्हत्या. स्वातंत्र्यावर त्यांचं खरंच प्रेम होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांनी डबीची दिवस पुसायची कळ दाबली. मुजावरांनी 'मंजूर' लिहिलं. त्यांच्याही कचेरीत एक प्रतिमन होतं.

सकाळी बाईंनी डबी सुरू केली. ताजंतवानं प्रतिमन कालचा मसुदा वाचत गेलं आणि कलम चारपाशी थांबलं.

"भाषा नेटकी उतरली आहे, इरा," ते म्हणालं. "पण इथे काहीतरी टोचतंय. काल कोणी हरकत घेतली नव्हती ना?"