डावीकडे झुकलेला जोड

तो दुकानात शिरण्याआधी त्याचे बूट शिरले. म्हणजे त्यांचा आवाज. दाराबाहेरूनच कुर्र... कुर्र... ऐकू आलं आणि मामाने मान वर न करता निदान केलं, "तळ सुटलाय. माणूस बरा असेल, बूट वाईट."

माणूस बराच होता. उंच, खांद्यात जरासा वाकलेला, आणि बुटांच्या वतीने दारातच माफी मागणारा.

"मला आवाज न करणारे बूट हवेत," तो काउंटरमागच्या भाचीला म्हणाला.

"चोरी करता का?" भाचीने विचारलं. तिचा चेहरा अशा वेळी इतका सरळ असे, की नवी गिऱ्हाइकं खरंच उत्तर देत.

त्यानेही दिलं. "नाही, पानं उलटतो. पियानो वाजवणाऱ्या बाईंचे दोन्ही हात गुंतलेले असतात ना... मी शेजारी बसतो. उठायचं, स्वरलिपीचं पान उलटायचं, बसायचं. एका कार्यक्रमात साठेक वेळा."

"आणि आवाज झाला तर?"

"झाला. गेल्या महिन्यात, अगदी हळुवार जागी. बाईंनी वाजवता वाजवताच माझ्याकडे बघितलं." त्याने बुटांकडे पाहिलं. "मला वाटतं, अजून बघतायत."

भाचीला हसू आलं, पण ते तिने पावतीपुस्तकात दाबून ठेवलं.

मामा चाळीस वर्षं मापाचे बूट शिवत होता. मागच्या भिंतीवर लाकडी फर्मे टांगलेले असत, गिऱ्हाइकांच्या पायांच्या हुबेहूब प्रती. भिंतीकडे पाहिलं की वाटे, गावातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी घोट्यापासून वर निघून गेली आहेत. चार महिन्यांपूर्वी भाचीने नोकरी सोडली आणि दुकानात पाय स्कॅन करणारं यंत्र आणलं. काचेवर उभं राहायचं, कॅमेरे भोवती फिरतात, आणि त्या मापावरून फर्मा आपोआप कोरला जातो. मामाने एकच अट घातली होती. "एक जोड परत आला, की यंत्र परत. माझ्या चाळीस वर्षांत एक जोड परत आलेला नाही." (जे तीन आले होते, त्यांत पाय चुकीचे होते, असं मामाचं मत होतं.) यंत्राचं खोकं त्याने जपून ठेवलं होतं आणि अधूनमधून त्यावरची धूळ झटकत असे, मायेने.

"उद्या चारनंतर या," भाची पानवाल्याला... नाही, पानं उलटणाऱ्याला म्हणाली. "दिवसभरात पाय फुगतात. सकाळचं माप संध्याकाळी खोटं पडतं."

"माणसांचंही तसंच होतं."

"माणसांचं माप आम्ही घेत नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजून एक मिनिटाने तो आला. मोज्यांत काचेवर उभा राहिला. यंत्राची वायर आखूड, त्यामुळे हातात यंत्राचा छोटा पडदा धरून ती त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर.

"भिंतीवर हिरवा ठिपका आहे, तिकडे बघा. हलू नका."

"श्वास?"

"घ्या. पण बेताने."

कॅमेरे फिरले. पडद्यावर आकडे आले. डाव्या पायावर भार अठ्ठावन्न टक्के, उजव्यावर बेचाळीस.

"सरळ उभे राहा."

"सरळच उभा आहे," तो ठिपक्याकडे बघत म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. काही माणसं जन्मभर थोडी तिरकी उभी राहतात आणि त्यांना कुणी सांगत नाही. हे सांगायला आपण कोण, असं तिला वाटलं. तिने त्याला परवा परत बोलावलं.

परवाही अठ्ठावन्न-बेचाळीस. तिसऱ्यांदा बोलावलं, पुन्हा तेच.

या तीन संध्याकाळी स्कॅनला मिळून दोन मिनिटं लागली. बाकी वेळ ती दोघं बोलत बसली. त्याने सांगितलं, की पान उलटणाऱ्याला संगीत ऐकता येत नाही, नेहमी दोन ओळी पुढे राहावं लागतं. "सगळे आत्ताच्या सुरात असतात, आणि मी पुढच्या पानाच्या काळजीत."

"मग आत्ता?"

"आत्ता... पान नाहीये ना इथे."

तिने काच पुसायला घेतली. स्वच्छ होती ती.

तीन वेळा तेच माप म्हणजे तेच खरं, असं तिने धरलं आणि फर्मा कोरला. मामाने कुरकुरत, पण जीव ओतून, काळे बूट शिवले. भार पडला की पाऊल पसरतं, म्हणून डावा अंमळ रुंद, उजवा अरुंद. दुकानात घालून बघितले तेव्हा इतके चपखल बसले, की मामाने नाराजीने "हं" म्हटलं. ही त्याची सर्वोच्च पदवी होती.

पाच दिवसांनी तो बूट हातात घेऊन आला.

"सरावाला घातले. उजवा चावतो, आणि डावी टाच सुटते. प्रत्येक वेळी उठलो की... चप्." त्याने 'चप्' इतकं हळू म्हटलं, जणू बाई तिथेही होत्या. "बाई म्हणाल्या, कुरकुर बरी होती."

मामा स्टुलावरून उठला. त्याच्या चेहऱ्यावर सुतकी गांभीर्य होतं आणि चालीत सणासुदीचा उत्साह. "खोकं कुठे ठेवलंय मी..."

"थांब ना मामा!" भाची त्याच्या वाटेत उभी राहिली. चार महिने, सोडलेली नोकरी, घरच्यांची 'बघ बाई तुझं तू'... सगळं त्या 'चप्'मध्ये मावत होतं. "घाला बघू इथे."

त्याने बूट घातले. ती त्याच्या डावीकडे उकिडवी बसली, टाचेत बोट घालून पाहिलं. बोट जाईना. तो चार पावलं चालला, ती शेजारून चालली. आवाज नाही. चावणं नाही.

"मग परत का आणलेत?" मामाने हिरमुसून विचारलं.

"तिथे खरंच होतं हो!"

ती बुटात भुरभुरायला शंखजिऱ्याची पूड आणायला आतल्या खोलीत गेली. आणि दाराआडून तिला ऐकू आलं... चप्. चप्. ती बाहेर आली. शांत. पुन्हा आत गेली. चप्.

ती बराच वेळ आतच उभी राहिली, हातात शंखजिऱ्याचा डबा धरून. तिन्ही वेळा माणूस तोच होता, काच तीच, ठिपका तोच. आणि आणखी एक गोष्ट तिन्ही वेळा तिथेच होती, हातभर अंतरावर, डाव्या बाजूला. ती मोजायची तिच्याकडून राहिली होती.

"मामा, पडदा धर," ती बाहेर येऊन म्हणाली. तिने गिऱ्हाइकाला बूट काढून काचेवर उभं केलं आणि स्वतः आत गेली. "किती?"

"पन्नास... पन्नास," मामाने वाचलं.

ती बाहेर आली. नेहमीच्या जागी उभी राहिली.

"आता अठ्ठावन्न! ए, हे बिघडलंय गं. क्षणात पन्नास, क्षणात अठ्ठावन्न. हा काय पाय आहे की बाजारभाव? चल, खोकं."

यंत्र बिघडलेलं नाही, हे सिद्ध करायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर होतं. पण ते बोलायचं म्हणजे भल्या माणसाला मोज्यांत काचेवर उभं करून त्याच्या मनातलं मामाला वाचून दाखवायचं. पायांचं माप द्यायला तो आला होता. तेवढंच घ्यायला हवं होतं. तिने ओठ मिटले आणि यंत्राची वायर काढायला वाकली.

"यंत्र बरोबर आहे, मामा," तो म्हणाला. अजून ठिपक्याकडेच बघत. "मी झुकतो."

"कुठे?"

"त्या... असतात तिकडे."

मामाने तोंडातली सुई काढली. "पाठीचं दुखणं आहे?"

"नाही."

"मग?"

"मग... तेच, मामा."

दुकानात इतकी शांतता झाली, की पियानोवाल्या बाई खूश झाल्या असत्या. मामाने चष्मा लावला, फळीवरची यंत्राची पुस्तिका आयुष्यात पहिल्यांदा उघडली आणि बोट ठेवून वाचत गेला. एका जागी बोट थांबलं.

"इथे लिहिलंय, स्कॅन दोनदा घ्यावा. तू तीनदा घेतलास."

"...हो."

"का?"

"काच नीट पुसलेली नव्हती."

"काच रोज सकाळी मी पुसतो."

भाचीने हिरव्या ठिपक्याकडे बघितलं. त्याचा काही उपयोग होत नाही, हे तिला आता कळलं. कान गरम झाले. "मग... तेच, मामा," ती म्हणाली.

काचेवरचा माणूस एवढा सरळ झाला, की पडद्यावरचे आकडे गोंधळले.

"ते तुमचं तुम्ही बघा," मामा म्हणाला. "पण जोड परत आला. अट म्हणजे अट."

"परत कुठे?" तो घाईने खाली उतरला आणि बूट छातीशी धरले. "चौकशीला आणले होते. स्टेजसाठी मला दुसरा जोड करा. हा राहू दे."

"चावतो ना?"

"कधीकधीच."

मामाने बराच विचार केला. त्याच्या चाळीस वर्षांत न बसणारा बूट कुणी असा कवटाळला नव्हता. "दुसऱ्याचं माप मी घेणार," तो शेवटी म्हणाला. "ही आत बसेल. दार लावून." मग यंत्राचं खोकं ओढून त्यात त्याने चामड्याचे तुकडे भरायला घेतले.

दुसरा जोड पन्नास-पन्नास झाला. कार्यक्रमात बाईंनी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्या भाचीने मात्र पियानोकडे फारसं बघितलं नाही.

रविवारी दुपारी ती दोघं पहिल्यांदा नुसतीच चालायला निघाली. त्याने पहिला जोड घातला होता. रस्ता रिकामा होता, उन्हं कलली होती, आणि बोलायचं इतकं साठलं होतं, की दोघंही गप्प होती. चौक ओलांडताना ती मुद्दाम त्याच्या उजवीकडे गेली.

चप्.

बाकावरचे एक आजोबा वळून बघू लागले.

"काय हे..." तो लाजून थांबला. "इकडे या ना."

"'या' म्हणणाऱ्यांकडे मी जात नाही," ती सरळ चेहऱ्याने म्हणाली. "तसं गिऱ्हाइकं म्हणतात."

तो तिच्याकडे बघत राहिला. साठ पानं न चुकता उलटणाऱ्या माणसाला हे एक पान जड जात होतं. ओठ हलले, थांबले...

"ये," तो म्हणाला.

ती गेली.