गुडघाभर पाणी

मिस्त्रींनी होडी उपडी करून दोन ओंडक्यांवर टेकवली आणि तळावर बोटांनी ठकठक करत ते एक फेरी मारून आले. ती शेडच्या दारात पिशवी छातीशी धरून उभी होती.

"भोक आहे, ताई. माझी मूठ जाईल एवढं," ते म्हणाले. "बाकी लाकूड ठणठणीत."

भोक आहे हे तिलाही ठाऊक होतं. त्या भोकानेच तिचा संसार गिळला होता. निदान भाऊजी, म्हणजे तिचे धाकटे दीर, तसं सांगत होते. दोघे भाऊ मासे धरायला गेले, तळाला खडक लागला, होडी बघता बघता भरली आणि बुडाली. भाऊजी पोहत काठाला आले. तिचा नवरा आलाच नाही. हे सांगताना भाऊजी ढसाढसा रडले होते आणि तिनेच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता.

मग परवा होडी आपली आपण काठाला येऊन लागली. सुलटी, आतून कोरडी. शेजारीपाजारी म्हणाले, लाकूडच ते, येतं वर कधीतरी. त्यांचं काय जातंय बोलायला! तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. बुडालेली होडी कोरडी कशी? आणि ती बुडालीच नसेल, तर आपला माणूस गेला कुठे?

"पाण्यात सोडून बघा," ती म्हणाली.

"भोकासकट? बुडेल की!"

"तेच बघायचंय."

बुडू दे, असं ती मनातल्या मनात घोकत होती. खरंच बुडू दे. घरात कर्ते आता एकटे भाऊजीच उरले होते. सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघून कसेबसे दोन घास खात होत्या. त्यांच्यावर संशय घेऊन त्याच घरात राहायचं तरी कसं?

शेडसमोरचा काठ उथळ होता. मिस्त्रींनी होडीला लांब दोर बांधला, तिला सुलटी करून गुडघाभर पाण्यात ढकलत नेलं आणि हात काढून घेतले.

होडी तरंगली.

मिस्त्रींनी आत दगड टाकले. मग स्वतः चढले. भोकात पाणी दिसत होतं, वाटीत असावं तसं काठोकाठ. वर मात्र थेंब येत नव्हता.

"असली होडी मी बघितली नाही, बुवा," ते पुटपुटले. उतरताना त्यांनी त्या भोकापासून पाय लांब ठेवला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"वहिनी! हे काय चाललंय?" भाऊजी धापा टाकत उतारावरून आले. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार.

"बुडत नाहीये, भाऊजी."

"फुगलं असेल लाकूड. नाहीतर अडकलं असेल काहीतरी." ते हसले, पण तोंडचं पाणी पळालं होतं. "संशय घेताय माझ्यावर?"

"तुम्ही बसा आत. बुडाली, तर तुमचं सगळं खरं. पुन्हा एका शब्दाने विचारणार नाही."

ते घुटमळले. मग चढले, कारण आता त्यांनाही ती बुडायलाच हवी होती.

त्यांनी पाय आपटले. होडी डावी-उजवीकडे हेलकावून पाहिली. पाणी वर येईना.

"अडकलंय काहीतरी, सांगतोय ना!" म्हणत ते गुडघे टेकून बसले आणि त्यांनी भोकात हात घातला. मनगटापर्यंत गेला. मग कोपरापर्यंत.

खाली वीतभर पाणी आणि मग चिखल. एवढा हात जायला नको होता.

खांदा फळीला टेकला तसे ते थांबले. चेहऱ्याचा रंग उतरला.

"दादा," ते हळूच म्हणाले. "सोड ना."

भोकातून पाणी आत आलं.

होडी घाई न करता, सरळ खाली जाऊ लागली. भाऊजींची पाठ दिसेनाशी झाली, मग केस. ते ओरडले नाहीत.

ती धावत पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याएवढंच. वाकून तिने दोन्ही हातांनी चाचपलं. चिखल, शिंपले, पुन्हा चिखल. ना होडी, ना भाऊजी.

बुडाली. म्हणजे आता भाऊजींचं खरं मानायला हवं होतं. शब्द तिनेच दिला होता.

"ताई," मागून मिस्त्रींचा आवाज आला. "बाहेर या. आधी पाण्यातून बाहेर या."

ती वळली. मिस्त्रींच्या पायाशी दोराचं वेटोळं होतं. त्यातून सुटणारा दोर तिच्या पावलांजवळून सरळ खाली जात होता, हळूहळू, अजूनही.