दगडाची खालची बाजू

अक्षर मला कुणी शिकवलं नाही. आमच्या काळी मुलीला कोण शिष्य करून घेणार? कालव्याच्या पायऱ्यांवर कपडे धुवायचा दगड होता, कुणाच्या तरी जुन्या थडग्याचा. त्यावरच्या धावत्या लिपीवरून ओलं बोट फिरवत शिकले. तीस वर्षं तिचीच नक्कल केली, मग सोडली. बावन्नाव्या वर्षी मनगट मोडलं. तेव्हापासून माझी रेघ शेवटी थरथरते आणि वर उसळते. ते वळण माझं. गावात अक्षर शिकवणारे छू मास्तर नाक मुरडून म्हणाले होते, "हे अक्षर कुठल्याच घराण्यातलं नाही." मला तेवढंच हवं होतं.

गेल्या पंधरवड्यात, धुक्याच्या सकाळी, शाई आणायला निघाले. पायऱ्या रुंद करायचं काम चाललं होतं. दोऊ पाथरवटाने हाक मारली.

"मिआओ आजी, दगड उलटा केलाय. खालीही लिहिलंय... तुम्ही कधी लिहिलंत हो?"

"डोकं फिरलं का तुझं? माझ्या जन्माआधीपासून चिखलात आहे तो."

"मला वाचता कुठे येतं? पण पुलावरची तुमची पाटी रोज बघतो ना."

चिखलाला कुजका वास होता. मी वाकले. प्रत्येक रेघ शेवटी थरथरून वर उसळत होती. माझं मोडकं मनगट, त्या दगडात.

"दुसरं कुणी असंच लिहीत असेल," दोऊ हळूच म्हणाला.

"मग मी काय लिहिते?"

ओला कागद चिकटवून, वर शाईची गादी थोपटून आम्ही ठसा घेतला. आमच्याकडे माणसं जिवंतपणीच आपला दगड कोरून ठेवतात, मरतेवेळच्या वयाची जागा मोकळी सोडून. याची जागा मोकळीच राहिली होती. नाव वरच्या बाजूला होतं, ते धोपटण्यांनी कधीच झिजलं.

घरी आले आणि ब्रश डाव्या हातात धरला. उजवा दुसऱ्या कुणाचा असेल तर असू दे. सात दिवस लिहीत राहिले. भात ताटात वाळायचा, डोळ्याला डोळा लागेना. अक्षरं लंगडी, कललेली. पण माझी.

आठव्या दिवशी दोऊ नवा ठसा घेऊन आला. उंबऱ्याच्या आत येईना.

"दगड कुलुपात होता, आजी. मी छिन्नी लावलेली नाही..."

मोकळ्या जागेत वय होतं. साठ आणि नऊ. रेघा लंगड्या, कललेल्या.

"तुमचं वय किती, आजी?"

"अडुसष्ट."

नवं वर्ष आठवड्यावर आलंय. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांचंच वय एकाने वाढतं. दोऊ ठसा उंबऱ्यावर ठेवून निघून गेला.

ठसा समोर टांगलाय. मरणाचं मला काही वाटत नाही. पण त्यातला नऊ माझ्या नऊपेक्षा सरस आहे, आणि ते मला सहन होत नाही. कालपासून तेवढाच एक गिरवतेय. काल मुळीच जमत नव्हता.

आज सकाळी काढलेले बरेच जवळ आलेत.