कडूपणा : शून्य

गंगापूर रस्त्यावरच्या ‘माजघर’मध्ये दुपारी साडेबाराला पहिलं ताट वाढलं गेलं, आणि ताटाबरोबर नेहमीप्रमाणे अंकांची पाटीही आली. तळहाताएवढी, काचेची. मटकीची उसळ ८८, भरली वांगी ९१, दुधीचं थंड सार ९६. विश्राम ओढेकरांनी पाटी वाचून समाधानाने मान डोलावली.

“ती पाटी उलटी ठेवा हो,” त्यांची बायको शरयू म्हणाली. “आधी घास तरी घेऊ द्या.”

शरयूचा या पाट्यांवर पहिल्यापासून राग होता. तिचं म्हणणं, पूर्वी हॉटेलात जाण्याची निम्मी मजा भांडणात असायची. वांगं तिखट झालंय की मिळमिळीत, यावर शेजारच्या टेबलावरची अनोळखी माणसंसुद्धा न विचारता मत द्यायची. आता लोक पाटी बघतात, घास घेतात आणि म्हणतात, “बरोबर आहे.” याला काय जेवण म्हणायचं?

ही करामत रसमापकाची होती. स्वयंपाकघरात प्रत्येक पातेल्यात एक बोटभर लांबीची कांडी बुडवायची. ती पदार्थातली रसायनं ओळखते आणि तो माणसाला कसा लागेल ते अंकांत सांगते. खारट किती, आंबट किती, तुरट किती, कडू किती आणि एकूण चव शंभरात किती. पण रसायनं ओळखणं वेगळं आणि चव कळणं वेगळं. कुठलं रसायन जिभेला किती जाणवतं, हे यंत्राला शिकवायला माणूस लागतो. रसमापक बनवणाऱ्या कंपनीने आधी वीस माणसं घेऊन पाहिली, पण विसांचं एकमत होईना. मग तिने एकच जीभ निवडली. तीस वर्षं वर्तमानपत्रात हॉटेलांवर आणि वाइनवर लिहिणाऱ्या विश्राम ओढेकरांची. टाळूला संवेदक चिकटवून त्यांनी चौदा महिन्यांत चार हजार पदार्थ आणि तीनशे वाइन चाखल्या. त्या जिभेला कंपनीने नाव दिलं प्रमाणजीभ. आज राज्यातल्या बहुतेक हॉटेलांत ती पातेल्यापातेल्यांत बुडत होती, आणि तिचा मालक इथे बसून वांग्याचा देठ चोखत होता.

रसमापक आला तसा नियमही आला, की स्वयंपाकघरात कुणी अन्नाला तोंड लावायचं नाही. याची कुणी कुरकूर केली नाही. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही, ही आपल्याकडची जुनीच शिस्त. जुन्या बाया नुसत्या वासावरून मीठ ओळखायच्या. पण त्या शिस्तीत एक सूट होती. दुधी किंवा काकडी चिरायला घेतली की देठाकडची एक चकती कापून जिभेला लावायची. कडू निघाली तर अख्खं फळ फेकून द्यायचं. नव्या नियमात ती सूट वाहून गेली, आणि कुणाला तिची आठवणही झाली नाही.

ओढेकरांनी दिंडोरीकडची पांढरी वाइन पेल्यात फिरवली, हुंगली, एक घोट घेतला. “पेरूचा वास, शेवटी थोडा मध. छान.”

शरयूने घोट घेऊन पेला खाली ठेवला. “हल्ली सगळ्याच वाइन घशाशी कशातरीच लागतात.”

“तुला वाइन कधी आवडली आहे?”

“आवडायची. या पाट्या येईपर्यंत आवडायची.”

ओढेकरांनी पेला बाजूला सरकवला. मग साराची वाटी ओढून त्यांनी दोन चमचे घेतले. दोनच. ही त्यांची तीस वर्षांची रीत; परीक्षकाने पोटभर खाल्लं की पुढच्या पदार्थावर अन्याय होतो. दुधीचा कच्चा रस, ताक, आलं, वरून जिऱ्याची फोडणी. उन्हाळ्यात याहून बरं काय असणार!

शरयूने एक चमचा घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

“अहो, हे कडू आहे.”

“छे!”

“चांगलं कडूजहर आहे. परत चाखा.”

ओढेकरांनी मुद्दाम तिसरा चमचा घेतला, जिभेवर घोळवला. गार, आंबट, गोडसर. बाकी काही नाही. पण कडू असतं तरी त्यांना हेच लागलं असतं.

हे या जगात त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, कंपनीशी करार झाल्यावर पंधरा दिवसांनी, त्यांना मोठा ताप आला आणि चव गेली. महिन्याभरात एकेक करून परत आली. आधी खारट, मग गोड, मग आंबट. कडूची ते वाट बघत राहिले. पाडव्याला सगळ्यांबरोबर कडुनिंबाची पानं तोंडात टाकली, तर नुसतं गवत चघळल्यासारखं. घरच्यांनी तोंडं वाकडी केली. ओढेकरांनी एक क्षण सगळ्यांकडे पाहिलं आणि आपलंही तोंड तसंच वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी टाळूला संवेदक लावायला कंपनीची माणसं आली. येईल परत, असं स्वतःला सांगत ते खुर्चीत बसले. ती आली नाही. ज्या चवीची जिभेने खबरच दिली नाही, तिच्यापुढे यंत्राने शून्य मांडलं. कारल्यापुढेही शून्यच येई, पण हल्लीची कारली कडू राहिली नाहीत म्हणून लोकांनी तेही मान्य केलं.

आताही सांगता आलं असतं. समोर फक्त बायको होती. पण ओढेकरांनी उलटी ठेवलेली पाटी सरळ केली. “हे बघ. कडूपणा शून्य.”

शरयूने पाटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर ती पहिल्यांदा हॉटेलात गेली ती त्यांच्याबरोबर. काय चांगलं आणि काय वाईट हे त्यांच्या तोंडाकडे बघून शिकली. “मग माझंच तोंड कडू असेल,” ती म्हणाली. “कालपासून जरा कणकण होतीच.” आणि नाक दाबून ती आपली वाटी प्यायली. मग, ताटात काही टाकायचं नाही या तिच्या हट्टापायी, नवऱ्याची उरलेली वाटीही प्यायली. तीस वर्षं त्यांचं उरलेलं तीच संपवत आली होती.

ओढेकर बघत राहिले. त्यांनी हात धरला नाही.

पाव तासात तिला दरदरून घाम फुटला. बिल मागवेपर्यंत उलटी झाली, दारापाशी पाय लटपटले. सव्वा वाजता ती जवळच्या एका रुग्णालयात पलंगावर आडवी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

डॉक्टर तांबोळी पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी ईसीजीची पट्टी दोनदा पाहिली. “हृदयाचं दिसतंय. रक्तदाबही घसरलाय. रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतेय. जेवणात काय काय होतं?”

ओढेकरांनी यादी सांगितली. दुधी ऐकून डॉक्टर थबकल्या.

“कच्चा रस? कडू होता का?”

ओढेकरांनी शरयूकडे पाहिलं.

“नीट आठवून सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “कडू दुधी विषारी असतो. पोटात आतून रक्तस्राव होतो, ईसीजीसुद्धा असाच बिघडू शकतो. तसं असेल आणि मी रक्त पातळ केलं, तर त्या माझ्या हातातून जातील.”

तोवर परिचारिकेने हॉटेलची नोंद पडद्यावर उघडली होती. “मॅडम, कडूपणा शून्य आहे. प्रमाणित नोंद आहे.”

“शून्य ना? मग प्रश्नच मिटला. द्या इंजेक्शन.”

सुई बाटलीत शिरली. औषध वर चढताना दिसत होतं. ओढेकरांना आपलं नाव आठवलं, तीस वर्षांचं सदर आठवलं, त्यांच्या अंकांवर उभी राहिलेली आणि बंद पडलेली हॉटेलं आठवली. लाज वाटली पाहिजे, बायको मरायला टेकली असताना माणसाला हे आठवतं! पण आठवलं खरं.

“थांबा,” ते ओरडले. “ते शून्य माझं आहे.”

“म्हणजे?”

“मी विश्राम ओढेकर. ते यंत्र माझ्या जिभेवर शिकलंय. आणि मला कडू लागत नाही. तीन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी परिचारिकेचा हात धरून सुई बाजूला केली. “आणि यांना? यांना कडू लागलं होतं?”

“हो. तिने मला सांगितलं होतं. मीच नाही म्हणालो.”

डॉक्टर शरयूकडे वळल्या. त्या रागावल्या असत्या तर ओढेकरांना बरं वाटलं असतं. पाचच मिनिटांत शरयूला पुन्हा उलटी झाली आणि ती लाल होती. मग सगळी धावपळ सुरू झाली. रक्ताच्या बाटल्या मागवल्या गेल्या, दुर्बिणीच्या तपासणीची तयारी झाली. पलंग बाहेर काढताना शरयूने डोळे उघडले. तिने सगळं ऐकलं होतं.

“मग पाडव्याला तोंड वाकडं करायचात ते?”

“खोटं,” ओढेकर म्हणाले. “तुम्हा सगळ्यांकडे बघून करायचो.”

तिने मान दुसरीकडे वळवली. पलंग दाराआड गेला.

“वाचेल ना?” त्यांनी विचारलं.

“आत्ता सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन वाट्या म्हणजे फार झालं. आणि ते सार अजून वाढलं जात असेल, तर आधी ते थांबवा.”

घड्याळात पावणेदोन झाले होते. ‘माजघर’ तीनपर्यंत उघडं असतं. त्यांनी हॉटेलला फोन लावला. जेवणाच्या वेळेत तिथे फोन उचलत नाहीत, हे त्यांनीच कधीतरी कौतुकाने लिहिलं होतं. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लावून ‘माजघर’चं सार कडू असल्याचं सांगितलं. तिकडून गोड, यांत्रिक आवाज आला.

“आपली तक्रार प्रमाणजिभेशी ताडून पाहिली. नमुन्यात कडूपणा आढळला नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे.”

“अहो, प्रमाणजीभ माझीच आहे! मी ओढेकर बोलतोय. ती खोटी आहे.”

“आवाजावरून आपली ओळख पटली. नमस्कार, ओढेकर साहेब. आपलं आजचं मत आपल्या चार हजार नोंदींशी जुळत नाही. त्यामुळे ते ग्राह्य धरता येत नाही.”

ओढेकरांना हसू फुटलं आणि त्याचं रडू कधी झालं ते कळलं नाही. भर दुपारच्या उन्हात ते रिक्षात बसले. त्यांच्याही पोटात आता जळजळ सुरू झाली होती. तीन चमच्यांची. दोन वाट्या प्यायलेल्या माणसाच्या पोटात काय चाललं असेल, याचा विचार त्यांना सहन होईना.

‘माजघर’ भरलेलं होतं. अकरा टेबलं, आणि जवळजवळ प्रत्येकावर साराची वाटी. काहींनी ती अर्ध्यावर सोडून दूर सरकवली होती. एका टेबलावर एक आजोबा पाटीकडे बघत, कपाळाला आठ्या घालून, चमच्यामागून चमचा गिळत होते. त्यांची सून म्हणत होती, “घ्या हो बाबा, शहाण्णव आहे.”

“ते सार पिऊ नका!” ओढेकर दारातूनच ओरडले. “विषारी आहे ते, कडू आहे!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणीतरी त्यांना ओळखलं. “अरे, हे तर ओढेकर.” मग दुसऱ्या कुणीतरी पाटी उचलून वाचली. “पण यांनीच तर शून्य दिलंय.” आजोबांचा चमचा हवेत थांबला होता, पण खाली ठेवला गेला नव्हता.

ओढेकर स्वयंपाकघरात घुसले. मुख्य आचारीण सोनल गांगुर्डे ओट्यापाशी उभी होती. सव्वीस वर्षांची, स्वयंपाकाच्या पदवी परीक्षेत पहिली आलेली; इथे लागल्यापासून तिने पातेल्यातला पदार्थ कधी चाखला नव्हता. सत्तर वाट्यांचं सार तिच्यासमोर होतं, निम्मं संपलेलं.

“काका, तुम्ही इथे? काकूंना बरं आहे ना?”

“सोनल, हे चाखून बघ.”

“काका, नियम आहे...”

“नियम घाल चुलीत. थेंबभर जिभेला लाव आणि थुंकून टाक. मला येत नाही ग ते. तुला येतं. तूच सांग सगळ्यांना, माझं कुणी ऐकत नाही.”

त्यांनी हात जोडले होते. सोनल घाबरली. तिने तोंडावरची पट्टी खाली केली, कडेचा थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

तिचे डोळे मिटले गेले, नाक आक्रसलं, सगळं तोंड वाकडं झालं. तो चेहरा ओढेकर पक्का ओळखत होते. तीन पाडवे त्यांनी तो उसना घेऊन घातला होता. ते पुढे झाले आणि दोन्ही हातांनी पातेलं मोरीत उपडं केलं. बाहेर त्या अकरा टेबलांवरच्या वाट्या तेवढ्या उरल्या होत्या.

“जा बाहेर,” ते म्हणाले. “सांग त्यांना.”

सोनलने थुंकून चूळ भरली, तोंड पुसलं आणि दारापर्यंत गेली. तिथे रसमापकाचा पडदा होता. त्याच्यावर अजून हिरव्या अक्षरांत शून्य दिसत होतं. ती थांबली. वाकडा झालेला चेहरा तिने हळूहळू सरळ केला, आणि चूक कबूल करावी तशा आवाजात तिने विचारलं,

“पण काका, मी सकाळपासून काही खाल्लं नाहीये. माझंच तोंड कडू असेल का?”